लादाचा आवाज कोणाचा

१९८४ सालचा फेब्रुवारी. लेनिनग्राडमध्ये त्या वर्षी नेवा इतकी घट्ट गोठली होती की माणसं पुलाकडे न वळता सरळ नदीवरूनच पलीकडे जात. बारा वर्षांची झान्ना मेझेन्त्सेवा त्या दिवशी तशीच गेली आणि तीही पळत. चित्रपट स्टुडिओतून निरोप आला होता, सकाळी दहाला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हजर राहा म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात झान्नाने लादाचं काम केलं होतं. लादा कोण, हे तेव्हा तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे. बाविसाव्या शतकातली ही मुलगी मंगळावर शाळेच्या सहलीला जायची आणि चुकून आपल्या काळात येऊन पडायची. वाचनालयात तिच्या पुस्तकासाठी दोन-दोन महिने नंबर लागत, आणि ज्याच्या हाती ते पडे त्याच्या घरी शेजारची पोरं मुक्कामालाच येत. मग लादाचं कार्टून आलं. त्यातला तिचा आवाज, चमच्याने काचेचा पेला वाजवावा तसा, पोरांनी इतका उचलला की शिक्षिका हैराण झाल्या. आता पहिल्यांदाच हाडामांसाची लादा पडद्यावर येणार होती. शेकडो मुलींतून झान्नाची निवड झाली, कारण चाचणीच्या वेळी तिने दिग्दर्शक गेर्मान साविच यांना सुनावलं होतं की तुमच्या यानाचं दार उलट्या बाजूला उघडतं. दार खरंच चुकलं होतं.

स्टुडिओच्या दारातच ध्वनिमुद्रण करणारी क्लारा भेटली. सडपातळ, घाईची बाई. तिने झान्नाची टोपी काढून घेतली आणि चालता चालता सांगून टाकलं की लादाचे संवाद इराईदा पावलोव्ना म्हणणार आहेत, कार्टूनवाल्या. झान्नाला बोलावलंय ते धावतानाच्या धापा टाकायला आणि हसायला.

झान्ना जागीच थांबली. "म्हणजे तोंड माझं, आणि बोलणार दुसरंच कोणी?"

"अगं, सगळ्यांचं असंच असतं. चित्र आधी, आवाज मागून. आणि पोरांचे आवाज बायकाच काढतात. पोरं कुठे ओठांवर बरोबर बोलतात? रागावू नकोस, चहा आहे आत."

झान्नाने सबंध सहावीच्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की वसंताच्या सुट्टीत टीव्हीसमोर बसा, मी बोलणार आहे. आता पोरं काय म्हणतील हे तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. उन्हाळाभर ती लादा होती, आणि लादाने काय बोलावं हे तिच्या पोटातून येत असे. ते पोटच कोणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

आत पडद्यासमोर, मायक्रोफोनपाशी, एक बुटकी बाई लोकरीची शाल आणि फेल्टचे बूट घालून कोबी भरलेला भाजका पाव, पिरोझोक, खात होती. वय पन्नाशीच्या पुढचं. तिने बोटं पुसली, कानाला हेडफोन लावला, तोंड उघडलं, आणि खोलीत लादा बोलायला लागली. झान्नाच्या अंगावर काटा आला. त्या बाईचा राग राग करायचा असं ठरवून ती आत आली होती, पण हा आवाज ऐकत ती वाढली होती. आजारपणात, रविवारी सकाळी, आई कामावर असताना. रागावता येईना.

काम चालायचं ते असं. फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून कडं करायचं आणि तोच प्रसंग पुन्हापुन्हा फिरवायचा, ओठ आणि शब्द जुळेपर्यंत. इराईदा पावलोव्नांना दोन फेऱ्या पुरत. झान्नाला नुसतं हसायला सात लागल्या. गेर्मान साविच काडी चघळत म्हणाले, "पोरी, उन्हाळ्यात फुकट हसत होतीस, आता हसायला काय झालं?"

दुपारी शेवटचं कडं चढवलं, निरोपाचा प्रसंग. खाडीकाठी लादा पाण्यात उतरत जाते, मागे वळते आणि काहीतरी बोलते. साऱ्या चित्रपटाचा जीव त्या वीस सेकंदांत होता. इराईदा पावलोव्नांनी लिहिलेलं वाक्य म्हटलं. ओठ भलतीकडेच. पुन्हा म्हटलं. तिसरी फेरी, सहावी, अकरावी. कोणाला काही कळेना. चित्रीकरणाच्या दिवशीच्या कच्च्या टेपवर नुसता वारा होता. गेर्मान साविचनी आधी क्लाराला झापलं, मग कॅमेरावाल्याला, जो तिथे नव्हताही. शेवटी ते झान्नाकडे वळले.

"तू नक्की काय बोललीस तिथे?"

झान्नाचे कान लाल झाले. चित्रीकरणात बरेच जण शब्द विसरले की एक, दोन, तीन मोजत, आवाज नंतर घालायचाच असतो म्हणून. गेर्मान साविचनी बजावलं होतं की माझ्याकडे कोणी आकडे मोजले तर त्याला खाडीत बुडवीन.

"मी आकडे नाही मोजले."

"मग?"

"थांबे म्हटले. आमच्या ट्रामचे."

तिची आई फाईना ट्राम चालवायची. झान्ना लहानपणी शाळा सुटली की तिच्या मागच्या बाकावर बसून घरी जायची, आणि आई माईकवर थांब्यांची नावं घ्यायची ती ऐकायची. त्या दिवशी पाण्यात पाय बधिर झाले, शब्द गेले, घरी जावंसं वाटलं आणि तोंडातून थांबे आले. कॅमेरा लांब होता. त्याची भिंगं इतक्या जवळचं बघतात हे तिला काय माहीत?

गेर्मान साविच खुर्चीत बसले. "बाविसाव्या शतकातली मुलगी आपल्या काळाचा निरोप घेते, आणि म्हणते काय, तर ट्रामचे थांबे."

पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हतं. खाडी गोठली होती, झान्ना चार बोटं वाढली होती, आणि चित्रपट मार्चमध्ये दाखवायचा होता. इराईदा पावलोव्ना शांतपणे म्हणाल्या, "मग थांबेच म्हणू. लिहून दे बाळ."

त्यांनी म्हटले. ओठ चपखल बसले, आणि तरी ते दुकानाची यादी वाचल्यासारखं वाटलं. गेर्मान साविचनी तोंडातली काडी मोडून टाकली.

"न्हाणीघराच्या थांब्यानंतर तू एवढी का थांबतेस गं?" इराईदा पावलोव्नांनी झान्नाला विचारलं.

"तिथे रूळ बदलतात. आईला बघावं लागतं. वळण पार झालं की मग ती पुढचं नाव घेते."

इराईदा पावलोव्नांनी हेडफोन काढला आणि झान्नाच्या कानांवर चढवला. "उभी राहा इथे."

कडं फिरायला लागलं. झान्नाच्या छातीत इतकं धडधडत होतं की ते टेपवर जाईल अशी तिला भीती वाटली. पडद्यावर लादा वळली.

"पिठाची गिरणी," झान्ना म्हणाली. "न्हाणीघर." ती थांबली, वळण गेलं. "मुलांचं वाचनालय. दोरखंडाचा कारखाना. शेवटचा थांबा. उतरा सगळे."

काचेपलीकडे क्लाराने नाक शिंकरलं. गेर्मान साविच उठून दोनदा दारापर्यंत जाऊन आले. असंच हवं होतं, असंच, असं ते स्वतःशी पुटपुटले, आणि मग डोक्याला हात लावला, कारण एकाच पोरीला एका प्रसंगात एक आवाज आणि बाकीच्यांत दुसरा, हे चालणार कसं?

"सगळंच हिला म्हणू दे," इराईदा पावलोव्ना म्हणाल्या.

"पोरांना तुमचाच आवाज लादाचा वाटतो. पोती भरून तक्रारी येतील."

"येऊ देत. कार्टूनमधल्या लादाला ना आई होती ना ट्राम. तिच्यात मला भरपूर जागा होती. हिच्यात मी कुठे बसू?"

झान्नाला ओरडून नाचावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी समोरच्या शालीकडे बघवत नव्हतं. तिने हळूच विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय ना. न वाटायला मी काय लाकूड आहे? चल, आता गळ्याने नको, पोटाने बोल. पहिल्या कड्यापासून."

पुढचे अकरा दिवस त्या रोज आल्या. त्यांच्या नावाचं काम उरलं नव्हतं, तरी झान्नाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे बोटाने दाबायच्या. मधल्या सुट्टीत पिरोझोक अर्धं अर्धं व्हायचं. झान्ना घरी जाताना बर्फावरून घसरत, लादाचे संवाद मोठ्याने म्हणत जायची आणि वाटेतले मासे पकडणारे म्हातारे माना वर करून बघायचे.

मार्चच्या सुट्टीत चित्रपट दाखवला. ट्राम डेपोतल्या टीव्हीसमोर तीस-चाळीस चालक आणि तिकीट तपासनीस बसले होते. निरोपाच्या प्रसंगाला सगळे थिजले, आणि मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. फाईनाने डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "झान्का, रुग्णालय गाळलंस. तिथे उतरणाऱ्यांनी काय करायचं?"

पत्रं खरंच पोत्यांनी आली. निम्मी म्हणत होती की ही खरी लादा नव्हे. निम्म्यांना ती ट्राम कुठल्या गावात चालते हे हवं होतं.

गेर्मान साविचनी त्यानंतर दोनच चित्रपट केले. मग स्टुडिओत कामच राहिलं नाही आणि ते गावाकडे मधमाश्या पाळायला गेले. क्लारा मुलाबरोबर परदेशी, हैफाला गेली, तिथल्या रेडिओवर काम करून निवृत्त झाली. इराईदा पावलोव्ना ससे, साळू आणि खोडकर मुलगे यांचे आवाज काढत राहिल्या. पंचाहत्तराव्या वर्षी वारल्या तेव्हा अंत्यविधीला झान्ना पहिल्या रांगेत उभी होती. फाईनाने निवृत्तीपर्यंत तीच ट्राम चालवली. झान्ना पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. ती भूल देणारी डॉक्टर झाली. लहान मुलांना भूल देताना ती आकडे मोजायला सांगत नाही, घरी जायची वाट विचारते. बहुतेक पोरं दुसऱ्या वळणालाच झोपतात.