मूठभर कोंडा

देऊळघाटात उकंडरावला कुणाचं लेकरू उचलून घेताना कधी कुणी पाहिलं नव्हतं. एखादं पोर लाडानं जवळ आलं की तो हात पाठीमागं बांधायचा. लोक म्हणत, म्हातारा खडूस आहे. म्हणोत बिचारे, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

त्याचा जन्म संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी एकोणीसशेच्या दुष्काळातला. आधीची दोन लेकरं दगावलेली, म्हणून आईनं रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारच्या बानोनं उचललं. टाकलेलं पोर कशाला न्यायचं, असं मरणाला वाटावं. मग मूठभर कोंडा देऊन आईनं ते परत विकत घ्यायचं. पण आई त्याच महिन्यात गेली, आणि पुढं आत्यानं त्याच्या डोक्यात भरवलं की कोंडा द्यायचा राहूनच गेला.

उकंडरावनं मनाशी धरलं, आपण या घरचे नाहीच. मरण आपल्याला ओळखत नाही आणि आपण ज्याला जवळ घेतो त्याला घेऊन जातं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, मागोमाग प्लेग आला, बाप गेला, हा ठणठणीत. मानमोडीच्या साथीत बायको कोकिळा गेली. तान्ही लेक गोजर आजोळी होती म्हणून वाचली, असंच त्याला वाटलं. दोन वर्षांचा शेषराव तापात हात वर करून "बा, घे" म्हणत राहिला. आपला हात लागला तर पोर जाईल, या भीतीनं बाप दारातच उभा राहिला. पोर तसंही गेलं.

पुढं दुसरी लढाई झाली, धान्य रेशनवर आलं, गोरे गेले. वऱ्हाड आता मुंबईला जोडणार अशा गप्पा पारावर रंगल्या, त्या साली गोजरची लेक आशा बाळंत झाली. उकंडराव बघायला गेला, तर बाळ तापलेलं. "आबा, धरा याले, मी पाणी आणतो," आशा म्हणाली. म्हातारा उलट्या पावली निघाला आणि सूपभर कोंडा घेऊन बानोच्या लेकीच्या, जहांआराच्या दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मनातलं सगळं बोलून दाखवलं.

साठी उलटलेल्या जहांआरानं सुपाला हात लावला नाही.

"तुह्या मायनं देल्ला होता कोंडा. सोता उपाशी राहून देल्ला. अम्मीनं त्याची भाकर करून मले चारली. तू इतके वर्स इचारलं काऊन नाही?"

उकंडराव उंबऱ्यावर बसला. जन्माची भीती उतरली, पण छातीत आग पेटली.

"मंग शेषराव हात वर करून राह्यला होता, आपा. मी त्याले काऊन नाही घेतलं?"

जहांआरानं त्याला हाताला धरून उठवलं.

तो परत आला आणि आशाच्या मांडीवरचं बाळ त्यानं न विचारता उचललं. कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून छातीशीच आवळलं. तापलेलं अंग त्याला चिकटलं.

"घेतलं रे शेषराव," तो पुटपुटत राहिला, "घेतलं बापा."

आशानं त्याला नाव दुरुस्त करून सांगितलं नाही. पाण्याची पट्टी पिळून ती बाळाच्या कपाळावर ठेवत राहिली.