सांध्यातली रेघ

मथुराने टॉर्च दातांत धरला आणि ती पंखाच्या सांगाड्यात खांद्यापर्यंत शिरली. फासळी आणि तुळई जिथे मिळतात तो कोपरा तिने आधी पाहिला, मग नखाने चाचपला, मग त्यावर आठ आण्याच्या नाण्याने टकटक केली. आवाज स्वच्छ आला. पुढच्या फासळीकडे सरकून तिने तेच पुन्हा केले.

वेसाव्याच्या त्या अंगणात उन्हाला आडोसा म्हणून होडीचे जुने शीड ताणले होते. त्याखाली लाकडी घोड्यांवर हा पंख आडवा ठेवला होता; बाकीचे तीन भिंतीला टेकवलेले होते. पलीकडे विमानाचे धड चाकांवर उभे होते, शेपटीसकट. एकावर एक असे पंख असणारे, मथुराच्या जन्माआधीच्या काळातले विमान. आता फक्त पंखांना कापड लावायचे राहिले होते. कापड चढले की आतले काही दिसणार नव्हते, म्हणून आज तपासणी होती.

तिचे वडील हरेश्वर थोडे दूर उकिडवे बसून कात्रीला धार लावत होते. विमानतळावरच्या हँगरमध्ये त्यांनी फिटर म्हणून उमर काढली होती, आणि निवृत्त होताना तिथला एक नियम घरी आणला होता: ज्याने काम केले त्याने ते पास करायचे नाही. फासळ्या रामनाथने बसवल्या होत्या. रामनाथ, मथुराचा धाकटा भाऊ. विमान बापलेकांनी मिळून सुरू केले होते. पंखांचे सांगाडे पुरे झाले आणि रामनाथला कावीळ झाली. ती साधी नव्हती; तो त्यातून उठला नाही. या गोष्टीला दोन वर्षे झाली.

मथुरा पार्ल्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. हे विमान उडवायची परवानगी मिळण्याची शक्यता तिने मनाशी केव्हाच काढून ठेवली होती. ती शून्याच्या इतकी जवळ होती की फरक सांगण्यात अर्थ नव्हता. तरीही ती तपासणी उडणाऱ्या विमानाचीच करत होती. न उडणाऱ्या विमानाची कशी करतात, हे तिला ठाऊक नव्हते.

"कसा हाय सांधा?" हरेश्वरांनी मान वर न करता विचारले.

"सुंदर आहे, बाबा. रेघसुद्धा दिसत नाही."

कात्रीवरचा दगड थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

मथुरा दुसऱ्या फासळीपाशी थांबली. मग पहिलीकडे परत गेली. प्रत्येक फासळीवर रामनाथने पेन्सिलीने आकडा घातला होता. त्याच्या सातला पोटात आडवी दांडी असे. सातव्या फासळीचा सांधा तिने भिंगाखाली धरला. लाकूड लाकडाला असे भिडले होते, की मध्ये दुसरे काही आहे असे वाटू नये.

मध्ये दुसरे काही असायला हवे होते.

"बाबा, ग्लू लावल्यावर त्याने शिकंजा किती आवळला होता?"

"होडीगत."

त्या एका शब्दाने तिला सगळे कळले. रामनाथ सुतारकाम शिकला तो होड्या बांधणाऱ्या गुणाजीकाकाच्या हाताखाली. तिथे फळीला फळी भिडवताना आवळत जायचे, आणखी आवळायचे, फटीत नख शिरेनासे झाले की थांबायचे. होडीत फळ्या धरून ठेवायला खिळे असतात. आवळायचे ते पाणी आत येऊ नये म्हणून. इथे खिळे नव्हते. इथे जे काही धरणार ते ग्लूच धरणार, आणि इतके आवळल्यावर तो सगळा बाहेर ओघळून जातो; सांध्यात त्याची रेघही उरत नाही. सांधा दिसायला जितका देखणा, तितका कोरडा.

पण हे अनुमान होते. अनुमानावर ती कुणाला नापास करत नसे.

"नमुना कुठाय?"

हरेश्वरांनी कात्रीच्या टोकाने ओटीकडे दाखवले.

एवढ्यात मथुराची आई अंजनाबाई बाजारातून परतल्या. डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून त्यांनी अंगणावर नजर फिरवली.

"अजून कापड नाय चढवलं? मथू, तुझ्या बापसाला सांग, आभाळातला तो शेपटीचा तारा आला नि गेला पण, यांचं इमान काय उठत नाय. मी बोंबील वाळवू कुठं, याच्या पंखावर?"

"तपासणी चाललीय, आय."

"तपास, तपास. आमच्या वक्ताला पोरीला बघायला आलेले पण इतकं तपासत नव्हते." त्या हसल्या, आणि नजर पेन्सिलीच्या आकड्यांवर गेल्यावर हसायच्या थांबल्या. पाटी उचलून त्या आत गेल्या.

नमुना ओटीवर खिळ्याला टांगलेला होता. तुळईचा वीतभर तुकडा आणि त्यावर चिकटवलेला फासळीचा तुकडा; या पंखाच्या फासळ्या बसवल्या त्याच दिवशी, त्याच ग्लूने, त्याच हाताने केलेला. तो मोडण्यासाठीच करायचा असतो. मोडताना लाकडाचे तंतू फाटले तर सांधा पक्का. तंतू न फाटता दोन्ही तुकडे सुटे झाले, तर त्या दिवसाचे सगळे काम बाद. रामनाथने तो केला, आणि मग तो मोडायला कुणाला सवड झाली नाही. मथुराला निदान असेच वाटत होते.

नमुन्याभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता. टांगण्यासाठी असेल असे समजून तिने तो सोडायला घेतला. टांगण्यासाठी इतक्या वेढ्यांची गरज नव्हती. शेवटची गाठ जाळे विणणाऱ्याची होती, घट्ट आणि सपाट. ती सुटली तसे दोन तुकडे तिच्या हातात अलग झाले.

तिने जोर लावलाच नव्हता.

ती उजेडात आली. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत होते. एकही तंतू निघालेला नव्हता. कडेला पटाशी घुसवल्याची खूण होती, आणि ती खूण आता जुन्या लाकडाइतकीच काळी पडली होती.

कात्रीचा आवाज बंद झाला होता.

"कधी मोडलास?" तिने विचारले.

"त्याच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग दोन वर्षं काय केलं?"

"शेपूट केलं. चाकं बसवली." हरेश्वर धडाकडे पाहत राहिले. "बाकीचं काम होतंच."

"आणि मला तपासायला लावलंस."

"दुसऱ्या माणसानं तपासायचं असतं."

"फासळ्या तू नव्हत्या बसवल्या. तू तपासलं असतंस तर चाललं असतं."

"नियमात चालतं." त्यांनी कात्री मिटली. "पोरी, मना नाय जमलं."

मथुराने ते तुकडे पुन्हा एकमेकांवर ठेवून पाहिले. बिनचूक बसले. वर्गात ती चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ मारून शेजारी कारण लिहीत असे, म्हणजे पुढच्या वेळी विद्यार्थ्याला उपयोग व्हावा. इथे कारण कुणासाठी लिहायचे, हा प्रश्न होता.

"नापास," ती म्हणाली.

हरेश्वरांनी मान हलवली. हँगरमध्ये वरिष्ठाने सांगितल्यावर हलवत असतील तशी. मग उठून त्यांनी पेटीतून पटाशी आणि लाकडी हातोडी काढली, पटाशीचे पाते अंगठ्यावर तपासले आणि पहिल्या फासळीशी लावले. हातोडी उचलली. ती तशीच वर राहिली.

मथुराने ती त्यांच्या हातातून घेतली.

पहिल्या फासळीला दोन हलके ठोके पुरले. दुसरीला एक. नंतर तर पाते नुसते सरकवले तरी फासळी सुटत होती. हरेश्वर खालून हात धरून ती झेलत होते आणि गोणपाटावर ठेवत होते. सातवी आली तेव्हा ती त्यांच्या हातात थोडा जास्त वेळ राहिली.

शेवटची निघाल्यावर मथुरा खाली बसली. गोणपाटावर फासळ्यांची चळत होती. तिने एकेक उचलून पाहिली, कडा, टोके, आकडे. कुठेही चीर नव्हती. कुठेही ढलपी निघालेली नव्हती. सांधे पक्के असते तर यातली एकही अखंड निघाली नसती.

"बाबा, सगळ्या शाबूत आहेत," ती म्हणाली. "घासून घेतल्या तर पुन्हा बसतील. ह्याच."

हरेश्वर लाकूड घासायचा कॉलीस पेपर घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सातवी फासळी मांडीवर आडवी धरली. घासताना त्यांचा अंगठा पेन्सिलीच्या आकड्यावर झाकण घातल्यासारखा होता.

"आवळायचं किती?" त्यांनी विचारले.

तीस वर्षे फिटरचे काम केलेल्या माणसाला हे माहीत नव्हते असे नाही. मथुराने तरीही उत्तर दिले.

"रेघ दिसेल इतपतच."