शेऱ्याचा रकाना

मनाने रचलेला आकडा मला वासावरून ओळखता येतो. ही बढाई नाही, नोकरी आहे. एकोणीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासतोय. वजनमापे निरीक्षक. मी दुकानात पाय ठेवला की मालक तोंडभर हसतो आणि चहा मागवतो. रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून तराजू तपासायचा आणि आलेला आकडा वहीत लिहायचा, असा नियम. निम्मे लोक महिन्याचे आकडे एका बैठकीत उरकतात. खरे आकडे गबाळे असतात. लागोपाठ तोच येतो, मध्येच शून्यावर संपतो, मध्येच भलतीकडे पळतो. रचणाऱ्याला वाटतं, सारखं काही दिसलं तर आपण पकडले जाऊ. म्हणून तो शेवटी शून्य टाळतो, पाच टाळतो, अकरा-चव्वेचाळीस असे जोडीचे अंक टाळतो, आणि तिथेच सापडतो.

त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलाशी बसून एका वहीतली सरासरी काढत होतो. वही आमच्या मुलीची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी ठरत नाही. नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला मधुमेह निघाला. मोठ्यांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं. दिवसातून चारदा बोटाला टोचायचं, मीटरवर साखर बघायची, सुई घ्यायची. वही मी स्वतः आखून दिली होती, अगदी ऑफिसातल्यासारखी: तारीख, वेळ, आकडा, डोस, शेरा. शेऱ्याचा रकाना वर्षभर कोराच होता. भिंगरी आकडा वाचायची, बायको लिहायची, आणि रविवारी मी बसायचो तपासायला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. एरवी बायकोच तिला नेते. या खेपेला मी पहिल्यांदा रजा काढली होती.

बेरीज करता करता माझी पेन्सिल थांबली. गेल्या तीन आठवड्यांतल्या शाळेच्या दिवसांचे आकडे फारच गुणी होते. १३७, १४२, १२८, १६३, १४७. एकही शून्यावर संपत नव्हता. पाचावरही नाही. जोडीचा अंक औषधालाही नाही. मी मागची पानं उलटली. तिथेही तेच.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला गंमत वाटली. धंद्यातली सवय, सुगावा लागला की हात शिवशिवतात. मीटर शेजारीच पडलं होतं. त्याच्या पोटात मागचे सगळे आकडे असतात, हे मला ठाऊक होतं, पण कधी बघायची वेळ आली नव्हती. मंगळवार, दुपारी चार: वहीत १३८, मीटरमध्ये २६८. बुधवार: वहीत १४६, मीटरमध्ये २९०. गुरुवारी दोन्हीकडे सारखे. शुक्रवारी पुन्हा फरक. गंमत तिथेच संपली. डॉक्टर ही वही बघून डोस ठरवतात. वही खोटी तर डोस खोटा. मागे एकदा तिची साखर शाळेत इतकी खाली गेली होती की ती वर्गात थरथरत बसली, बाईंनी ग्लुकोज पाजलं म्हणून निभावलं. तसं का झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. 

आता संशयित दोन. वाचणारी आणि लिहिणारी. आरडाओरडा केला की वह्या गायब होतात, हे मला दुकानांनी शिकवलंय. म्हणून मी आवाज साधा ठेवला.

बाहेर गल्लीत भिंगरी सायकल पळवत होती. दर रविवारी ती असं करते, जेवणाआधी वीस-पंचवीस फेऱ्या, घामाघूम होईपर्यंत. हौस दांडगी, असं मी लोकांना सांगायचो. मी तिला खिडकीतून हाक मारली.

"एक खेळ आहे. शंभर ते दोनशेमधले मनाला येतील ते दहा आकडे लिही."

"कशाला?"

"गंमत म्हणून."

"बक्षीस काय?"

"आधी लिही तर."

तिने उभ्या उभ्याच लिहिले. १११, १११, १००, २००, १९९, १११, १५०... "एकच परत परत चालतो ना?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती सायकलकडे पळाली. रचणाऱ्याचा हात नव्हता तो. इतका बेफिकीर हात मी एकाही दुकानात पाहिला नाही.

बायको स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. ती शिवणकाम करते, माप घ्यायला कधी चुकत नाही. मी कागद पुढे केला.

"तू पण लिही. दहा आकडे. मनाला येतील ते."

तिने माझ्याकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि लिहायला लागली. १३७. १४२. १६८. १२७. १५३. १८४. मी वरून बघत होतो. शेवटी शून्य नाही, पाच नाही, जोडी नाही. दहाव्या आकड्यापर्यंत थांबायची गरजच नव्हती.

तिने पेन खाली ठेवलं. "सापडले का, साहेब?"

"हे काय केलंस तू?" माझा आवाज चढलाच. "उद्या डॉक्टरला ही वही दाखवणार होतो मी! पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा. तुला कळतंय का?"

ती उठली, शिवणयंत्राचा खण उघडला, मापाच्या टेपाखालून एक वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तशीच वही. तेच रकाने, फक्त पट्टी न लावता आखलेले, शेऱ्याचा इथेही कोरा. मंगळवार २६८. बुधवार २९०. सगळे आकडे गबाळे, सगळे खरे. मागच्या पानांवर डॉक्टरांच्या सह्या.

"डॉक्टर हीच बघतात," ती म्हणाली. "कधीपासून."

"मग ती दुसरी?"

"ती तुमच्यासाठी."

मी खुर्चीत बसलो. एक वही धंद्याची आणि एक इन्स्पेक्टर आला की पुढे करायची, अशी दुकानं मी किती पकडली असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"माझ्यासाठी का?"

"आठवतं, पहिल्या महिन्यात तीनशे बारा आला होता? तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. ताट बाजूला सारलंत आणि उठून गेलात. ती तुमच्या ताटाकडे बघत बसली. मग रोजचंच झालं. आकडा चढला की तुमचं ताट तसंच. दोन आठवड्यांनी ती शाळेत थरथरली, ते का? दुपारची सुई घेतली आणि डबा खाल्लाच नाही. मला म्हणाली, खाल्लंच नाही तर आकडा चढणार नाही, मग बाबा जेवतील." वाटाण्याची एक शेंग ती उगाच सोलत राहिली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर जेवला नसतात. मग मी दुसरी वही घातली."

"ओरडलो तर नव्हतो ना कधी?"

"ओरडला असतात तर बरं होतं. माझ्यावर ओरडा, मी दोन शब्द ऐकवीन, मिटेल. ताट बोलत नाही हो."

मी कधी रागावलो नव्हतो. मी भ्यालो होतो. तीनशे बारा बघितलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना, एवढंच. आकडा चुकला की त्यामागे कुणीतरी लबाड असतं, त्याला हुडकायचं, हे मला येतं. इथे हुडकायला कुणीच नव्हतं, तर मी गप्प बसायचो. पण भ्यालेला बाप आणि रागावलेला बाप बाहेरून सारखेच दिसतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तिला माहीत आहे? दोन वह्यांचं?"

"तिनेच नावं ठेवलीत. खरी वही आणि बाबांची वही."

बाहेर सायकलची घंटी वाजली. मला एकदम काहीतरी सुचलं आणि विचारायला भीती वाटली. तरी विचारलं.

"रविवारी मी घरी असतो. माझ्यासमोर मोजता. तेव्हा काय करता?"

बायकोने खिडकीकडे बघितलं. "सायकल चालवली की साखर उतरते, हे तिला सिस्टरनी सांगितलंय."

 तीन वर्षं वापरलेल्या तराजूलाही मी थोड्या चुकीची मुभा देतो. कायद्यातच आहे ती. काटा जरा हलला तर मी आधी टेबल सपाट आहे का बघतो, वारा लागतोय का बघतो, तराजूवर तोंड टाकत नाही. हे सगळं मला येत होतं आणि नऊ वर्षांची पोर माझ्या जेवणासाठी गल्लीत फेऱ्या मारत होती. मला रडू आलं. बायकोने वाटाण्याचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "सोला. हात चालू राहिले की बरं वाटतं." मी सोलले.

दुपारचं जेवण कसंबसं झालं. त्या वेळी तिचा आकडा १५२ आला. फेऱ्या मारून आलेला.

संध्याकाळी सातच्या सुमाराला, जेवणाआधी, भिंगरी पुन्हा सायकल काढायला निघाली. मी दारात उभा होतो.

"आधी मोजूया. सायकल नंतर."

ती थांबली. "दहाच फेऱ्या मारते, बाबा. पाच?"

"नंतर वाटेल तेवढ्या मार. आत्ता मोजूया."

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तिघं टेबलाशी बसलो. बायकोने ताटं वाढली, मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. भिंगरीने त्या बघितल्या आणि तिचा चेहरा पडला. मग तिने बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. मीटर वाजलं. ती मीटरकडे बघेचना. माझ्याकडे बघत होती. वर्षभर ती मलाच मोजत होती, आणि मला वाटत होतं, तपासणारा मी.

"किती?" मी विचारलं.

तिने मीटर तळव्याखाली झाकलं. "कुठल्या वहीत लिहायचं ते आधी सांगा."

"खऱ्या. दुसरी आता बंद."

तिने तळवा उचलला. "दोनशे त्र्याऐंशी."

भीती वाटलीच. ती वाटायचीच, तिला माझा इलाज नाही. मी ताट पुढे ओढलं आणि पहिला घास तोंडात घातला. पाण्याने ढकलला. दुसरा घेतला. बायको कुठे बघावं ते न कळून मिठाची वाटी सरळ करत होती.

"का बरं आला असेल?" मी विचारलं. खरंच विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भिंगरीला हा प्रश्न नवा होता. तिला "काय खाल्लंस?" माहीत होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "उद्या तुम्ही डॉक्टरांकडे येणार ना, ते आठवून पोटात कसंतरी होत होतं. त्यानेपण वाढतो का?"

"वाढत असेल. उद्या विचारू."

"मी विचारू?"

"तूच विचार."

बायकोने डोस वाचून दाखवला, भिंगरीने सुई घेतली. जेवायच्या आधी पंधरा मिनिटं थांबायचं होतं, म्हणून तिने खरी वही ओढली आणि आकडा स्वतः लिहिला. मी जेवत होतो. ती मध्ये मध्ये मान उचलून माझ्या ताटात डोकावायची, काय उरलंय ते बघायची, आणि पुन्हा पेन चावायची. शेवटी मी ताट तिच्याकडे तिरकं करून दाखवलं. रिकामं होतं.

तिने वही जवळ घेतली आणि वर्षभर कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या रकान्यात, २८३ च्या समोर, सावकाश लिहिलं: बाबा जेवले.