बद्द वाजलेला नग

"उद्यावर सत्कार आलाय आन ही बया म्हणती, फलक उतरवा! असली रीत असती व्हय?"

साळूबाईंनी पंपाच्या ओतीव झाकणावर हातोडी हाणली. खण्ण. तो नग डावीकडे सरकवून त्यांनी पुढचा ओढला. कुपवाडच्या त्यांच्या फाउंड्रीत तपासणीची यंत्रं आली, शिकलेली माणसं आली. तरी गाडीत चढायच्या आधी प्रत्येक नग त्यांच्या कानाखालून जाई. शाळा दुसरीतच सुटली होती, पण लोखंडाचं खोटं त्यांना आवाजावर कळे.

समोर स्टुलावर नात, संयोगिता, मान खाली घालून बसली होती. पाच वर्षं ती पुण्यात लोखंडाच्याच कसल्याशा स्फटिकांवर संशोधन करत होती. तिचा निबंध परदेशी मासिकानं छापला, तेव्हापासून पलूसच्या भावकीत साळूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. उद्या तीच भावकी पलूसात तिचा सत्कार करणार होती, तिच्या नावाचे फलकही लागले होते.

"आजी, निबंध चुकलाय माझा."

"छापलाय की त्यो! चुकंल कसा?"

"हे लोखंडाचे स्फटिक लय गार केले की वीज त्यातनं न अडता वाहते. पण त्याच्या आधी स्फटिकातले इलेक्ट्रॉन एका अंगाला कलतात. वाऱ्यानं ज्वारी कलावी तसे. माझ्या स्फटिकात ते आपणहून, लवकरच कलले, असं मी लिहिलं."

"मग?"

"मोजताना स्फटिक मी धातूच्या पट्टीला गोंदानं चिकटवला होता. गारठ्यानं गोंद आकसला, त्यानं स्फटिक ओढला. त्या ओढीनं कलले ते."

हातोडी वरच थांबली.

"म्हंजे वारा तूच घातलास."

"व्हय. सुटा ठेवून परत मोजलं, तवा कळलं."

"चूक धरली कुणी?"

"कुणीच न्हाई. मीच."

"मग गप बस की!" दारात उभे असलेले तिचे वडील, लालासाहेब, उसळले. "पलूसात कुणाला कळतोय तुझा गोंद? हार घे, मग बघू."

"उशीर झाला, अप्पा. सकाळीच मासिकाला कळवलं. निबंध मागं घेतला. दोन वर्षांचं काम परत करायचंय."

लालासाहेबांनी कपाळावर हात मारला. साळूबाईंनी पुढच्या नगावर हातोडी टाकली. बद्द. उलटा करून पुन्हा टाकली. बद्द. वरून गुळगुळीत, चीर कुठं दिसेना.

"एकच हाय आई, जाऊ दे गाडीत," लालासाहेब सवयीनं म्हणाले.

साळूबाईंनी नग परत भट्टीत जाणाऱ्या ढिगावर भिरकावला. त्या आवाजानं संयोगितानं मान वर केली.

लालासाहेबांनी मोबाइल काढला. "फलक उतरवायला सांगतो."

"ठेव त्यो फोन."

गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या. नातीपाशी जाऊन काळ्या बोटांनी तिची हनुवटी वर केली. काजळीचा ठसा उमटला. तो त्यांनी पुसला नाही.

"फलक ऱ्हाणार. उद्या हार पडायच्या आधी उभं ऱ्हायचं आन हेच सांगायचं, गोंदासकट. मागच्या रांगेतल्या भावकीला ऐकू गेलं पायजे. मग हार घ्यायचा. मान खाली घालून बसलीस, तेवढंच चुकलं तुझं. बाकी नग खणखणीत हाय."