सोळा नंबर मोकळा ठेवा

मी मासेमारीच्या बोटीवरचा वायरलेस बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. आज माझं ऐका, आणि मध्ये बोलू नका.

मी आलो तेव्हा बोट चालवणाऱ्या तांडेलाने कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याशिवाय बोटीला परवाना मिळत नव्हता, एवढाच माझा मान. सुकाणूशेजारी मला टांगलं आणि बंदर सोडताच बंद केलं. "मोबाईल आहे की," तो म्हणे. किनारा मागे पडला की तो मोबाईल मुका होई, पण तांडेलाला सांगणार कोण?

सांगितलं त्याच्या धाकट्या बहिणीने. इंजिन तीच सांभाळायची. वायरलेस चालवायची परीक्षा ती पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझी गंजलेली तार बदलून मला सोळा नंबरवर लावलं. तो नंबर संकटातल्या हाकेसाठी. गप्पा मारायच्या तर दुसरीकडे जायचं, असा नियम.

"दादा, हा बंद करायचा नाही."

"बोट कुणाची आहे?"

"तुझी. परीक्षा मी दिलीय."

बंद झालो नाही, पण माझ्या नशिबी आल्या त्या गप्पाच. ती खाली इंजिनाशी गेली की दादा सोळा नंबरवरच इतर तांडेलांशी बोलत बसे. आणि माझी एक खोड सांगून ठेवतो: बोलण्यासाठी माझं बटण दाबलं की मी बहिरा होतो.

एका दुपारी वारा चढला होता. दादा लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत होता. ती वर आली, तेवढ्यात त्याने श्वास घ्यायला बटण सोडलं, आणि माझ्यातून तुटका आवाज आला. "मेडे, मेडे..." बुडत्या बोटीची हाक ती. पुढचं कुणाच्यातरी हसण्यात बुडालं.

तिने त्याच्या हातातून माईक काढून घेतला. "संकटातली बोट बोलतेय. बाकी सगळे गप्प बसा."

"तू कोण गं आम्हाला गप्प बसवणारी?" एक जुना तांडेल गुरकावला.

"माणसं बुडतायत, काका. बटण सोडा."

"अगं, मोठे आहेत ते," दादा पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

काकांनी बटण सोडलं. मग मला नीट ऐकू आलं: पाणी शिरतंय, चार माणसं, दीपस्तंभाच्या पश्चिमेला तीन मैल. तिने प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला. दादाने तोवर बोट वळवली होती.

तिघं हाती लागले. त्यांचा स्वयंपाकी नाही लागला.

"वीस मिनिटं हाका मारत होतो," त्यांच्यातला एकजण म्हणाला. दादा खाली बसला.

त्या बुडण्याची सरकारी चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी मच्छीमार संघाच्या खोलीत तांडेल जमले. गप्पांचा विषय काढायचा नाही, असं ठरत आलं होतं. बहीण म्हणाली, "मी काढणार." आवाज चढले. तेव्हा दादा उठला. "जेवणाचं वर्णन मी करत होतो. उद्या हे मीच सांगेन." त्याने सांगितलं. त्याचा तांडेलकीचा परवाना सहा महिने गेला. तेवढे दिवस बोट बहिणीने चालवली.

आता माझ्या काचेला तडा गेलाय, आकडे पुसट दिसतात. तरी मी चालू आहे आणि चालूच राहणार. खरखर करतो म्हणून कुणाला राग येत असेल तर खुशाल यावा. मी त्या वीस मिनिटांची माफी मागणार नाही. बटणावरचा अंगठा माझा नव्हता. तुमचा असेल तर उचला. पलीकडे कुणीतरी बोलतंय.