कवळ्यांच्या नोंदी

रविवारी सकाळी मी बाबांच्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलायला बसले. जुनीला आता कोणी वाली नव्हता. चालू व्हायला इतका वेळ लागायचा की बाबा तेवढ्यात दाढी उरकायचे.

बाबा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत, बाबा त्यांवरून दात बसवत. प्रत्येक तोंडाची नोंद त्यांच्याकडे होती. 'डावीकडूनच चावतात.' 'बोलताना शिट्टी वाजते, मागून अर्धा मिलिमीटर घासणे.' 'लाजून हसतात, पुढचे दात लहान ठेवणे.' बावीस वर्षांची तोंडं.

"सगळं घेतलंस पेन ड्राइव्हवर?" मी विचारलं.

"आयकॉन न् आयकॉन घेतला. तरी तू एकदा बघतेस?"

"बाबा, सकाळपासून तुझंच तर बघतेय."

पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामा दिसत होता. ते मला दिसलं. बावीस वर्षं इतक्या कमी जागेत कशी मावली, हा प्रश्नही पडला. पण मला चारच्या आत निघायचं होतं. मी 'डिस्क पुसा'वर क्लिक केलं.

दुपारभर आम्ही भांडलो.

"खिडकी बंद करायची फुली उजवीकडे होती. डावीकडे कोणी नेली?"

"सवय होईल."

"तीस वर्षं उजवीकडे बघतोय. आता मान फिरवून घेऊ का? आणि हे मला विचारतंय, तू कोण. माझ्याच घरात!"

"पासवर्ड टाक, बाबा."

"कुठला?"

"तूच ठरवलेला!"

"मग त्याला कळायला नको का?"

प्रिंटर सापडेना. सापडला, तर कागद आडवा छापू लागला. मी चार वाजता निघाले तेव्हा डोकं नुसतं भणभणत होतं.

सहाला फोन आला. "अगं, नोंदी उघडत नाहीयेत."

पेन ड्राइव्हवर काय दिसतंय ते मी त्यांना एकेक वाचायला लावलं आणि कपाळावर हात मारला. बाबांनी पडद्यावरची चित्रं उचलून टाकली होती. ते नुसते शॉर्टकट. मूळ नोंदी कुठे आहेत एवढंच ते सांगतात, आणि जिथे त्या होत्या ती जागा मी पुसली होती.

"मी विचारलं होतं ना तुला?" मी ओरडले. "एक काम धड करता येत नाही!"



"हो गं. माझंच चुकलं," बाबा म्हणाले.

मी तसाच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या कामाच्या खोलीत गेले. त्यांच्या हाताखाली कवळ्यांचं मेणाचं काम करणाऱ्या मावशी कॉम्प्युटरशी झटत होत्या. "बाई गं, हे मेलं पुन्हा नाव विचारतंय. जन्मदाखला दाखवू का याला?" दुरुस्तीवाल्याला मी डिस्क दाखवून आणली होती. वरून नवीन लिहिलंय, काही मिळणार नाही, म्हणाला.

खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. तुटलेली कवळी रुमालात, रुमाल मांडीवर. बोलताना ओठ आत जात होते.

"माझ्या जबड्याचं सगळं त्यांना ठाऊक होतं. नोंद असेल ना?"

"नाही हो," मावशींनी सुस्कारा सोडला. "साहेबांच्याच हातून गेल्या सगळ्या, त्या रात्री फोनवर तेच म्हणाले. शेवटी शेवटी लक्ष राहत नव्हतं त्यांचं."

"असं होय?" बाई हळहळल्या. "इतका काटेकोर माणूस. वयापुढे काय चालतं म्हणा."

म्हणजे हे आता गावभर असंच फिरणार होतं. प्रत्येक कवळीबरोबर, प्रत्येक तोंडातून. मला फक्त गप्प बसायचं होतं.

"नाही," मी म्हणाले.  "लक्ष शाबूत होतं त्यांचं. एकदा बघ, असं ते मला म्हणाले होते. पेन ड्राइव्ह रिकामा आहे हे मला दिसत होतं, आणि घाई होती म्हणून मी सगळं पुसलं. वर त्यांनाच बोलले. नोंदी मी घालवल्या, मावशी. बाबांनी नाही."