भरून ठेवलेले भाग

सकाळचा चहा झाला की सासूबाई रेडिओ लावायच्या, आणि सून न्हाणीघरात शिरायची.

कडी लावली, नळ सोडला, तरी आवाज आत यायचाच. न येऊन सांगतो कुणाला? सुनेला ऐकू जावा म्हणून सासूबाई तो मुद्दाम मोठा करायच्या, कारण रेडिओवर बोलणारी बाई म्हणजे त्यांची सूनच होती. "काय आयांनो, आज कशा आहात? हसताय ना?" असं ती रेडिओतून साऱ्या गावाला विचारत होती, आणि इथे उपड्या बादलीवर बसून, टॉवेल तोंडात कोंबून रडत होती.

आता हे एका बाईला एकाच वेळी कसं जमतं? तर सांगते. तिच्या रेडिओ केंद्राची रीतच तशी होती. कुणी लांबच्या सुट्टीवर निघालं की त्याने आपले भाग आधी भरून ठेवायचे, म्हणजे कार्यक्रम अडत नाही. ही बाई कित्येक वर्षं नव्या आयांसाठी कार्यक्रम करायची. स्वतःला मूल नव्हतं तेव्हाही करायची, डॉक्टरांना विचारून, पुस्तकं चाळून. तेव्हापासून सगळे तिला रेडिओताई म्हणायचे. तिला दिवस गेले आणि केंद्राच्या साहेबांना तर स्वर्गच दोन बोटं उरला. "वा, आता खुद्द अनुभवाचे बोल!" म्हणाले. मग काय, पोट टेबलाला टेकवून त्या काचेच्या खोलीत तिने सगळे भाग बोलून टाकले. बाळाचं पहिलं रडणं, पहिलं दूध, पहिलं हसू आणि आईचा तो आनंद! सगळं बाळ व्हायच्या आधी. त्यातला एक शब्दसुद्धा तिच्यावर गुजरलेला नव्हता.

बरं, तेव्हाही ती काही आनंदात होती असं नाही. सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. पोटातलं बाळ हललं की इतर बायका म्हणे हसतात, तिला भीतीच वाटायची. हसून बोललं की आवाजात हसू ऐकू येतं, हे तिला नोकरीने शिकवलेलं, म्हणून ती ओठ ताणून बोलायची आणि दोन वाक्यांच्या मध्ये असा उसासा टाकायची की काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले काका मान वर करून बघायचे.

"काका, तेवढा उसासा कापा हं," ती म्हणायची.

काका कापायचे. हात असा सफाईदार, की सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडू नये. बाळ झालं की सगळं ठीक होईल, असं तिने मनाला बजावलं होतं.

बाळ झालं. मुलगी, गुटगुटीत, घसा असा की तिसऱ्या घरात ऐकू जावा. आणि आईला काय वाटलं? काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. कुणीतरी आपलं मूल सांभाळायला ठेवून गेलंय आणि न्यायला येतच नाहीये, असं तिला वाटत राहिलं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो फोनवर विचारायचा, "मजेत ना दोघी?" ती म्हणायची, "मजेत."

आणि एके दिवशी दुपारी ते घडलं. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. बाळ रडायचं थांबेना. तिने त्याला पलंगाच्या मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि चालू लागली. औषधांचं दुकान मागे पडलं, कोपरा मागे पडला, बस थांबा आला. बस आली. तिने पायरीवर पाय ठेवला.

"चढा की बाई, मधेच काय उभ्या राहिल्यात?" कंडक्टर खेकसला.

त्या खेकसण्याने ती भानावर आली आणि घराकडे पळत सुटली. बाळ रडून रडून झोपलं होतं. कुणाला काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून तिला आरशात बघवेना. सासूबाईंनी बाळाला तिच्या मांडीवर दिलं की तिची मान खाली जायची. हे मूल मला ओळखून आहे, मी काय केलं ते याला ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. आणि वर रोज सकाळी तो रेडिओ! शरमेने जीव नको व्हायचा तिला.

वरच्या मजल्यावर टेलरबाई राहायची. पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार. ती पोटुशी, दिवस भरत आलेले. एकदा ती सासूबाईंच्या शिवायला टाकलेल्या झग्याची बटणं जुळवायच्या निमित्ताने खाली आली, इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "ताई, तुम्ही रेडिओवर सांगता ना, तो आनंद... तो नक्की कधी येतो हो? मला तर सारखं रडूच येतं."

झालं! बोलायची वेळ हीच होती. पण रेडिओताईच्या तोंडून तो भरून ठेवलेला आवाजच बाहेर आला. "येतो की! बाळ छातीशी धरलं की सगळा शीण पळून जातो."

टेलरबाईचा चेहरा एवढासा झाला. "मग माझ्यातच काहीतरी खोट असणार," असं म्हणून ती गेली.

त्यानंतर वरची मशीन बंद पडली. दिवसभर डोक्यावर खडखड चालायची ती एकदम गप्प. रेडिओताई कान देऊन बसायची. आत्ता सुरू होईल, मग सुरू होईल. होईना. आपल्या एका वाक्याने ती बाई खचली हे तिला पक्कं कळत होतं. वर जाऊन खरं सांगावं, तर सांगायचं काय? मी पोर टाकून निघाले होते म्हणून? जीभ रेटत नव्हती.

शेवटी सासूबाईंचाच पारा चढला. "माझा झगा शिवायला घेऊन ही बाई बसलीय का झोपलीय? चल गं, तुझेही पाय मोकळे होतील." बाळाला खांद्यावर टाकून त्या जिना चढल्या. मागून सून.

वर शाळेतल्या एक बाई आधीच येऊन टेलरबाईला फैलावर घेत होत्या. त्यांचेही कपडे तसेच पडले होते, कापायचे. टेलरबाई खाली मान घालून टाचण्या वेचत होती. आणि फळीवर रेडिओ चालू होता, दुपारचं पुनर्प्रसारण. आता नशीब म्हणायचं की काय, रेडिओताई दारातून आत आली आणि रेडिओतून बोलू लागली.

"अय्या, आल्याच बघा!" शाळेतल्या बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "आवाजात काय उत्साह आहे हो! बाळंतीण वाटते का ही?" मग टेलरबाईकडे वळून, "शिका जरा. नाहीतर तुम्ही. बाळ यायच्या आधीच हातपाय गाळून बसलात."

सासूबाईंची छाती फुगली. "आमच्या सुनेने एकदासुद्धा कुरकुर केली नाही हो. सदा हसतमुख."

टेलरबाईच्या हातातल्या कापडावर टपकन एक थेंब पडला. तो फक्त रेडिओताईने पाहिला. रेडिओ म्हणत होता, "ज्या क्षणी तुम्ही बाळाला छातीशी धराल, त्या क्षणी..."

"खोटं आहे ते," रेडिओताई म्हणाली.

"काय गं?" सासूबाई.

"ते रेडिओवरचं. सगळं खोटं आहे. बाळ व्हायच्या आधी बोलून ठेवलंय मी ते. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. अजून वाटत नाही." आणि आता तोंड उघडलंच आहे तर मागे कशाला ठेवा? "आई, तुम्ही भाजीला गेला होतात ना, तेव्हा मी हिला एकटीला टाकून गेले होते. बसमध्ये चढत होते मी."

सासूबाईंनी बाळाला घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे सरकल्या. एकच पाऊल. पण ते पाहून धरणीने पोटात घ्यावं असं झालं सुनेला. शाळेतल्या बाईंनी पर्स उचलली, "येते हं मी," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. उद्यापर्यंत गावभर होणार, हे काय सांगायला हवं?

रेडिओ आपला बोलतच होता. टेलरबाईने उठून तो बंद केला.

"ताई," ती म्हणाली, "मी कात्री कपाटात कुलपात ठेवलीय. हातात घ्यायची भीती वाटते. नको ते मनात येतं. म्हणून कापड कापलं नाही कुणाचं. मला वाटलं, जगात अशी मी एकटीच."

रेडिओताईने तिचा हात धरला.

"कुठली बस होती?" सासूबाईंनी एकदम विचारलं.

"पाटी वाचलीच नाही मी."

सासूबाई तिथल्या स्टुलावर मटकन बसल्या. "आणि मी रोज सकाळी तुझाच आवाज तुला मोठा करून ऐकवत होते. वाटायचं, पोरीला बरं वाटेल." डोळे पुसून त्या उठल्या. "चपला घाला दोघी. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

वाटेत रेडिओताईने साहेबांना फोन लावला. उरलेले भाग लावू नका म्हणून सांगितलं.

"अहो, लोकांना आवडतायत! त्या वेळात लावू काय मी?"

"गाणी लावा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. साहेबांच्या तोंडावर फोन ठेवायची ही तिची पहिलीच वेळ.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हा आजार आहे, म्हणाल्या, गरोदरपणातही होतो आणि नंतरही, पुष्कळ जणींना होतो आणि उपचारांनी बराही होतो. यात कुणाचा गुन्हा नाही. टेलरबाई आधी बोलली, अडखळत, पण कात्रीपर्यंत सगळं बोलली. मग डॉक्टरीणबाई रेडिओताईकडे वळल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"राहू दे त्यांना," सून म्हणाली.

"बरं. मग सांगा, कसं वाटतंय?"

रेडिओताईने घसा साफ केला, पाठ ताठ केली, ओठ ताणले. "तसं आता बरंच छान आहे, डॉक्टर. थोडा थकवा असतो, पण बाळाकडे बघितलं की..."

तिच्या दंडावर सासूबाईंचा हात पडला.

"हा आवाज नको, पोरी. तुझा काढ."

रेडिओताईच्या छातीतून एक उसासा निघाला, लांबलचक, आणि तिने तो गिळला नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली, आणि तो आवाज इतका बारीक आणि फाटका होता की कुठल्याही केंद्राने कधी लावला नसता, "की पुढच्या वेळी मी चढेन."